घड्याळ तासभर मागे, बाळाची झोप मात्र जागच्या जागी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. नऊ महिन्यांची मुलगी संध्याकाळी साडेसातला झोपते व सकाळी साडेसहाला उठते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळे एक तास मागे जातील, तेव्हा ती पहाटे साडेपाचलाच उठू लागेल का? त्यासाठी दुपारची झोप कमी करावी का? पुण्याहून रोज व्हिडिओ कॉलवर नातीशी बोलणाऱ्या सासूबाई जायफळ उगाळून चाटवायला सांगतात, ते योग्य आहे का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : तुमचा हिशोब बरोबर आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या शरीराला दिवस-रात्रीचे भान येऊ लागते, आणि ते भान मुख्यतः उजेड-अंधारावर व काही अंशी दूध-जेवणाच्या वेळांवर चालते. त्यामुळे केवळ रात्रीची वेळ बदलून भागत नाही, तिचा सगळा दिवसच थोडा थोडा पुढे न्यावा लागतो. आधीच्या शनिवारपासून दर दोन दिवसांनी झोप, दूध, भरवणे आणि आंघोळ पंधरा पंधरा मिनिटे उशिरा करा. म्हणजे बदलाच्या रात्री ती साडेआठला झोपेल आणि रविवारी नव्या घड्याळात तीच वेळ साडेसात असेल. त्या दिवसांत तिथे पाचच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून संध्याकाळी घरातले दिवे सातपर्यंत भरपूर लावून ठेवा.

माझ्या अनुभवात खरी चूक पहाटे होते. साडेपाचला बाळ कुरकुरले की आईवडील दिवा लावतात, त्याला दिवाणखान्यात आणतात, खेळवतात, आणि चार दिवसांत त्याचे शरीर हीच सकाळ मानू लागते. बाहेर अजून अंधार असतो, त्याचा फायदा घ्या. थोडा वेळ वाट पाहा, मग अंधारातच हलके थोपटा, आणि खरोखर भूक लागली असेल तर न बोलता दूध पाजून पुन्हा पाळण्यात ठेवा.

सासूबाईंच्या फोनचाही विचार करावा लागेल. भारतातली घड्याळे बदलत नाहीत, म्हणून साडेनऊ तासांचा फरक त्या रविवारी साडेदहा तासांचा होतो. पुण्यात संध्याकाळी पाचला केलेला फोन, जो आजवर तुमच्याकडे सकाळी साडेसातला येत होता, तो एकदम साडेसहाला येऊ लागेल. लखलखता पडदा आणि त्यावर आजीचा लाडका चेहरा दिसल्यावर कोणते बाळ पुन्हा झोपेल? त्यांना सहाला फोन करण्याची विनंती करा.

दुपारची झोप मुळीच तोडू नका. चार ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून 12 ते 16 तास झोप लागते, आणि अति थकलेले बाळ गाढ झोपण्याऐवजी किरकिर करत वारंवार उठते.

जायफळ देऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. सासूबाईंच्या सूचनेमागची माया आणि कित्येक पिढ्यांची सवय मी जाणतो. परंतु सहाणेवर उगाळताना नेमके किती उतरले हे मोजता येत नाही, आणि जास्त झालेले जायफळ विषारी ठरून गुंगी, अस्वस्थता व छातीत धडधड होऊ शकते. अमेरिकेतील दुकानांत सहज मिळणारे मेलाटोनिनचे (झोपेच्या संप्रेरकाचे) थेंबही तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नका.

एवढे करूनही ती तीन-चार दिवस, क्वचित आठवडाभर, लवकर उठेल. त्यात काळजीचे काही नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जाईल तेव्हा अडचण उलट, म्हणजे रात्री झोप न येण्याची असेल. त्या वेळी आठवडाभर आधीपासून सगळ्या वेळा तशाच पंधरा पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा, सकाळी उठल्याबरोबर तिला खिडकीशी उजेडात घेऊन बसा आणि संध्याकाळी झोपण्याच्या अर्धा तास आधी पडदे ओढून घ्या.