आंतरपीक घेतलं, तरी तण का?

प्रश्न : ज्वारीत तुरीचं आंतरपीक घेतलं. कडधान्यामुळे तण कमी होतं असं वाचलं होतं, तरी दोन खुरपण्या कराव्याच लागल्या. कुठे चुकलं?

उत्तर : जोडी चांगली आहे, पण तण दाबणं हे तुरीचं काम नव्हे. पहिले दीड-दोन महिने ती फार सावकाश वाढते आणि तोवर तिच्या ओळींभोवतीची जमीन उघडी राहते. नेमका त्याच काळात, साधारण 15 ते 45 दिवसांत, ज्वारीला तणाचा खरा फटका बसतो. तेव्हा लवकर जमीन झाकणारं कडधान्य हवं : चवळी, मूग किंवा उडीद. आमच्या मते चवळी सगळ्यांत उजवी. पान रुंद, वाढ आडवी. तूर हवीच असेल तर तिच्या शेजारच्या पट्ट्यात मुगाची ओळ टाका. मूग 60 ते 70 दिवसांत निघतो, तोवर तूर पसरू लागते.

प्रश्न : मका आणि चवळी एकत्र कशी पेरावी?

उत्तर : आधी तण उगवू द्या. पाऊस किंवा ओलित झाल्यावर 7 ते 10 दिवस थांबा आणि वापशावर, म्हणजे जमीन ना चिकट ना कोरडी असताना, वखराची उथळ पाळी द्या. पाळी खोल गेली तर खालचं तणाचं बी वर येतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

मका 60 × 20 सेंमीवर, एकरी सुमारे 8 किलो. दोन ओळींच्या मधोमध चवळीची एक ओळ, रोपांत 15 सेंमी अंतर, एकरी 6 किलो. चवळीच्या एवढ्या बियाण्याला 150 ग्रॅम रायझोबियम (हवेतला नत्र धरणारं जिवाणू खत) चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. दोन्ही पिकं एकाच दिवशी पेरणं फार महत्त्वाचं. मागाहून पेरलेली चवळी मक्याच्या सावलीत खुरटते आणि तणाला मोकळं रान मिळतं. वाण झुडुपी घ्या. वेल जाणारा वाण ताटांना गुंडाळतो, मका लोळतो. नांगे, म्हणजे न उगवलेल्या जागा, आठवड्यात भरा. 15 ते 20 दिवसांनी दोन ओळींमधलं तण काढायला एक कोळपणी, ओळीतलं तण खुरप्यानं. ही कोळपणी टाळू नका, कारण पानं जुळेपर्यंत सावली नसते.

युरिया शेतभर फेकू नका. मका वरच्या थरातला नत्र ओढून घेतो आणि चवळी मुळांवरच्या गाठींमधून स्वतःची सोय करते, म्हणून तणाच्या वाट्याला कमी उरतं. फेकलेला युरिया तणालाच पोसतो आणि गाठीही कमी धरतात. तो हप्त्यांनी, मक्याच्या ओळीलगत मातीआड द्या. 30 दिवसांच्या सुमारास एखादं चवळीचं रोप मातीसकट काढून गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

प्रश्न : मक्यात नेहमी ॲट्राझिन हे तणनाशक फवारतो. आता चालेल?

उत्तर : नाही, चवळी मरेल. पेंडीमेथॅलिन हे तणनाशक दोन्ही पिकांत चालतं, पण पेरणीनंतर उगवणीपूर्वीच, ओल्या जमिनीवर आणि लेबलवरच्या मात्रेत. बी 4 ते 5 सेंमी खोल आणि नीट झाकलेलं हवं.

प्रश्न : लव्हाळा आणि हराळीही अशी दबेल का?

उत्तर : सावलीनं जोर कमी होतो, मरत नाहीत. लव्हाळ्याचे कंद आणि हराळीच्या काशा (जमिनीत पसरणारी खोडं) पेरणीपूर्वीच वेचून काढाव्या लागतील.