कंसातली ओळ

ताई, मी साडेछप्पन वर्षांचा. चाकणच्या कारखान्यात टूलरूमला 29 वर्षं झाली. पहाटे सहाची बस, मोशीची कोंडी, त्यात नवे साहेब माझ्या मुलाच्या वयाचे, प्रत्येक कामात शिकवतात. 58 पर्यंत ओढू की आत्ताच राजीनामा देऊ? पीएफची पेन्शन लगेच सुरू करता येईल, ग्रॅच्युइटीतून गावी दोन खोल्या बांधायचं मनात आहे. (सौ.ला शुगर आहे, पण कंपनीचा मेडिक्लेम असल्याने ती काळजी नाही.)
एक वाचक, कर्वेनगर

तुमच्या मूळ तीन पानी पत्रात साहेबांवर पानभर मजकूर आहे आणि वहिनींवर एक ओळ, तीही कंसात. मी त्या ओळीवरच अडले. राजीनामा आत्ता देऊ नका. 58 पूर्ण करा आणि दोघांच्या नावाने स्वतःची आरोग्य पॉलिसी घ्यायच्या मागे याच महिन्यात लागा.

कंपनीचा मेडिक्लेम नोकरीला जोडलेला असतो. नोकरी सुटली की तुमचं नाव यादीतून जातं आणि तुमच्याबरोबर वहिनींचंही. त्यानंतर नवी पॉलिसी काढायला गेलात तर शुगर 'आधीपासूनचा आजार' ठरते आणि त्यासाठी विमा कंपनी 36 महिन्यांपर्यंत थांबायला लावू शकते. त्या काळात पायाची जखम चिघळली, किडनीवर परिणाम झाला, तर बिल तुमच्या खिशातून. मोतीबिंदू आणि गुडघ्यालाही बहुतेक पॉलिसींत वेगळी मुदत असते.

नोकरीत असतानाच पॉलिसी घेतली तर हे महिने कंपनीच्या मेडिक्लेमच्या आधारावर निघतात. आत्ता घेतलीत, तर 58 ला त्यातले अठरा सरलेले असतील. उरलेल्या अठरांसाठी ग्रॅच्युइटीतले चार लाख वहिनींच्या नावाने एफडीत टाका. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून तुम्ही 48,000 लिहिलेत. त्याला 26 ने भागून 15 ने आणि मग 29 ने गुणलं की ग्रॅच्युइटी साधारण 8 लाख होते. गावी आधी एकच खोली बांधा.

एचआरकडून गट विम्याच्या कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक आणि वहिनींचं नाव कोणत्या तारखेपासून आहे हे लेखी घ्या. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीच्या वर्षांचा फायदा मिळू शकतो. पण कंपनी अर्ज तपासूनच ठरवते, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर राहू नका.

प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसीचा अर्ज, एजंटच्या हाती सोडू नका. शुगर कधीपासून, गोळ्या कोणत्या, हे स्वतः लिहा. "लिहिलं तर हप्ता वाढेल" असं ऐकायला मिळेल. वाढू दे! लपवलेला आजार पुढे कागदांत सापडला की क्लेम नाकारला जातो, आणि तो नकार हॉस्पिटलच्या काउंटरवर उभं असताना हातात पडतो. वैयक्तिक आरोग्य विम्यावर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी नाही, तेवढा भार हलका झालाय.

पेन्शन लगेच सुरू होईल हे खरं. पण 58 च्या आधी घेतलीत तर प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कपात, तीही कायमची. पूर्ण पगारावरच्या जादा पेन्शनचा पर्याय घेतला नसेल तर पगार कितीही असो, हिशोब 15,000 वर होतो, आणि सप्टेंबर 2014 आधीच्या नोकरीचा 6,500 वर. तुमच्या 29 वर्षांचे महिना चार-साडेचार हजार धरा. त्यात औषधं आणि तपासण्या भागतील. त्यालाही कात्री कशाला लावता?

साहेबांचं शिकवणं दीड वर्ष ऐकून घ्या.

वहिनींची शेवटची एचबीए1सी तपासणी कधी झाली, आकडा किती आला, हे पत्रात नाही. तुम्हाला ठाऊक आहे का? येत्या सुट्टीच्या दिवशी त्यांना घेऊन लॅबमध्ये जा. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. शुगर आहे म्हटल्यावर विमा कंपनी बहुधा तपासण्या मागतेच, आणि आकडा फार वर असेल तर नकारही येतो. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची शुगर सांगतो. म्हणजे डॉक्टरांना विचारून तीन महिने नेटाने औषध आणि पथ्य सांभाळलं, तर पुन्हा अर्ज करता येतो. नोकरीत राहिलात तर त्यासाठी हाताशी वेळ आहे. राजीनामा दिलात तर हेच तीन महिने वहिनी विम्याविना काढतील.