कुणी आग्रह करणार नाही, तूच मागून घे

तू विचारलंयस की दहावीनंतर वर्षभरासाठी विद्यार्थी-एक्सचेंजवर जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात निघालेय, श्टुटगार्टजवळच्या गावात घर ठरलंय, आम्ही शाकाहारी, जर्मन जेमतेम. तर परक्या घरात राहायचं कसं, आणि मी एकटी पडेन का? मी याच भागात एका कुटुंबात राहून शिकले, पुढे इथंच स्थायिक झाले, आणि आता आमच्या घरीही अशी मुलं राहून जातात. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते.

एएफएस, वायएफयू किंवा रोटरी, अशा एक्सचेंज घडवणाऱ्या कुठल्याही संस्थेकडून गेलीस तरी यजमान कुटुंबाला तुला ठेवून घेण्याचे पैसे मिळत नाहीत. त्यांनी हौसेनं बोलावलंय आणि तुला घरातलंच एक मूल धरलंय. आपल्याकडे पाहुण्याच्या मनातलं न सांगता ओळखायचं असतं, "घे गं, लाजू नकोस" म्हणत वाढायचं असतं. तिथं "आणखी हवं का?" असं एकदाच विचारतील. संकोचानं "नको" म्हणालीस की भांडं पुढे सरकलं. त्यांना तुझी पर्वा नाही असं समजू नकोस, तुझ्या शब्दावर त्यांचा पूर्ण विश्वास असतो. म्हणून भूक लागली, थंडी वाजली, घरची आठवण आली, तर तोंडानं सांग. आमच्याकडची एक मुलगी सुरुवातीला जॅकेट घालून झोपायची. जादा रजई तिच्याच कपाटात होती. ती सर्दीनं बेजार झाली तेव्हा कुठे आम्हाला कळलं, आणि मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळच्या जेवणाला सुरुवातीला चकित होशील. सहा-साडेसहाला टेबलावर बहुतेक घरांत गरम काही नसतं. प्रत्येकासमोर ताटाऐवजी छोटी लाकडी फळी आणि सुरी. मधोमध काळसर, जाड सालीचा पाव, लोणी, दोन-तीन तऱ्हांचं चीज, व्हिनेगरमधल्या काकड्या, मुळ्याच्या चकत्या आणि वेगळ्या ताटलीत मांसाचे काप. आपल्या पावाला आपणच लोणी लावायचं, वर हवं ते ठेवायचं. हे आबेंडब्रोट. खाणं साधं, पण बैठक लांबते, कारण दिवसभराचं सगळं बोलणं तिथंच होतं. पोट भरलं म्हणून उठून खोलीत गेलीस तर ते खटकतं, आणि फोन टेबलावर आणायचा नाही. अर्धं कळलं नाही तरी बसून राहा. माझं जर्मन शाळेपेक्षा त्या टेबलावर जास्त सुधारलं.

शाकाहाराचं निघण्यापूर्वीच पत्रात लिहून टाक, आणि तपशीलवार लिही. "मांस खात नाही" एवढ्यावर भागत नाही. अंडं, मासे, सूपमधला मांसाचा अर्क, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनणारं जिलेटिन, काय चालतं आणि काय नाही ते एकेक सांग. अंडं चालत असेल तर अर्धी काळजी मिटली, कारण या भागाचं जीव की प्राण असलेलं श्पेत्झलं, म्हणजे इथला घरगुती पास्ता, अंडं घातलेल्या पिठाचंच असतं. चीज आणि तळलेला कांदा घातलेलं केझश्पेत्झलं तुला नक्की आवडेल. मसुरासारखी डाळ आणि श्पेत्झलं हेही इथलं अगदी घरगुती जेवण आहे, फक्त त्यात सॉसेज वाढतात आणि डाळीत बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. ते घालण्यापूर्वी तुझ्यापुरती डाळ बाजूला काढायला सांग, कुणाला राग येत नाही. रंगीत जेलीच्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन असतं, पाकीट वाचून घे.

कधीतरी तूही रांध. पोहे, खिचडी, बटाट्याची भाजी, काहीही. फक्त पांढऱ्या ओट्यावर हळद सांडली तर लगेच पूस. गोडा मसाला ने, पण तूप आणि पेढे नेऊ नकोस. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. भेट म्हणून सावंतवाडीची लाकडी खेळणी न्यायला उत्तम. घरात घालायच्या सपाताही घे.

घराचे नियम पहिल्याच आठवड्यात विचारून लिहून काढ. पिवळ्या डब्यात किंवा पिशवीत पॅकिंग, निळ्यात कागद, तपकिरीत ओला कचरा असं साधारण असतं, पण गावागणिक फरक पडतो. प्लास्टिकच्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्या फेकू नकोस, दुकानातल्या मशिनमध्ये टाकल्या की बाटलीमागे बहुधा 25 सेंट परत मिळतात. ऐन जानेवारीत सगळ्या खिडक्या पाच मिनिटं सताड उघडतील. हवा खेळली नाही तर भिंतींना बुरशी धरते, म्हणून. रविवारी दुकानं बंद आणि आवाज वर्ज्य. जिना आणि घरापुढचा रस्ता झाडायची आठवड्याची पाळी, केरवोखं, ही तर श्वाबियन, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या लोकांची खास गोष्ट. ती पाळी तू आपणहून घेतलीस तर शेजारीही तुला ओळखू लागतील.

शाळा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते, सकाळी आठच्या आत-बाहेर. गुण उलटे: 1 सर्वोत्तम, 6 सर्वांत वाईट. लेखी परीक्षेबरोबरच वर्गात बोलण्यालाही वजन असतं, तेव्हा मोडकंतोडकं का होईना, हात वर करून बोल.

आता एकटेपणाचं. तो येतो, विशेषतः नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जेव्हा साडेचारलाच अंधार पडतो. वर्गातली मुलं वाईट नसतात, पण त्यांचे गट बालवाडीपासून जमलेले असतात आणि शाळा सुटली की जो तो घरी जातो. मैत्री जमते ती फेराइनमध्ये, म्हणजे गावच्या मंडळात. हँडबॉल, जिम्नॅस्टिक्स, वादकांचं पथक, अगदी अग्निशमन दलाची युवा शाखासुद्धा. पोचल्यावर पंधरा दिवसांत एखाद्यात नाव घाल. तिथं ऐकू येणारी बोली तुझ्या पुस्तकातल्या जर्मनसारखी नसेल, घाबरू नकोस. या राज्यानं 1999 पासून कितीतरी वर्षं स्वतःची जाहिरातच "आम्हाला सगळं जमतं, प्रमाण जर्मन सोडून" अशी केली होती.

आईला रोज फोन करू नकोस. कठीण आहे, मला ठाऊक आहे. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, त्यामुळे तिकडे तिची झोपायची वेळ आणि इकडे घरातल्यांशी बोलायची वेळ नेमकी एकच येते. रविवार दुपार ठरवून टाका.

आणि जमलंच नाही तर? कधीकधी खरंच जमत नाही, दोघांचंही काही चुकत नाही. संस्थेनं तुला गावाजवळची एक स्वयंसेवक व्यक्ती नेमून दिलेली असते, तिला पहिल्याच महिन्यात भेट. कुटुंब बदलता येतं, आणि रोटरीत तर वर्षभरात दोन-तीन घरं बदलणं हा नेहमीचा रिवाज आहे. पण त्याआधी घरच्यांशी एकदा समोरासमोर बसून बोल.

अकरावीचं मात्र निघण्यापूर्वी कॉलेजात जाऊन विचार. परतल्यावर कोणत्या वर्गात घेतील, कोणते कागद लागतील, ते लेखी घे.