विषारी काही पोटात गेलं तर मीठपाणी पाजून उलटी करवावी का?

नाही, अजिबात नको. लेकरानं रॉकेल किंवा फिनेल प्यायलं की घरातलं कुणीतरी आधी मिठाच्या डब्याकडे धावतं, आणि तिथेच घात होतो.

उलटीचा हुकूम पोटातून नाही, मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून सुटतो. तिथला एक छोटा भाग रक्तात विष आलंय का ते तपासत असतो. आधी तोंडाला पाणी सुटतं (वर येणाऱ्या आम्लापासून दात वाचावेत म्हणून), श्वास थांबतो, मग पोटाचे स्नायू नि छातीखालचा पडदा जठर पिळतात. जठर स्वतः ढिलंच असतं.

रॉकेल पातळ असतं. उलटीत त्याचा थोडासा अंश फुप्फुसात उतरला तरी न्यूमोनिया होतो. अ‍ॅसिड परत वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतं. आणि मिठानं रक्तातलं सोडियम इतकं वाढू शकतं की मेंदूला इजा होते. यानं जीवही गेले आहेत.

अमेरिकेत उलटी करवणारं इपेकॅक सिरप घरोघरी असायचं. सगळं विष बाहेर पडेल याचा भरवसा नाही, म्हणून २००३ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ते घरात ठेवू नका असं सांगितलं. आयुर्वेदात गेळफळानं वमन करवतात, पण ते वैद्याच्या देखरेखीखाली, पूर्वतयारीनं. विषबाधेत घरी करायचा तो उपाय नव्हे.

१०८ ला फोन करा. मूल गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा, आणि ती बाटली डॉक्टरांना दाखवायला सोबत न्याच.