वडिलांचा डावा हात चालत नाही. दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांबरोबर बसून खेळता येतील अशी कोडी, ठोकळे कोणते आणू?

तुम्ही लिहिलंय की पॅरालिसिसनंतर वडिलांची डावी बाजू कमजोर आहे, ते व्हीलचेअरवर असतात, डोकं मात्र तल्लख आहे. माझाही डावा हात बाइकच्या अपघातापासून नावापुरताच आहे, त्यामुळे हे एकहाती माणसाचं उत्तर समजा.

दुकानात शिरल्यावर एकच प्रश्न विचारा : हे धरणार कोण? जोडाजोडीच्या खेळात दुसरा हात बहुतेक वेळ नुसता धरून ठेवण्याचं काम करतो. ते काम दुसऱ्या कशावर तरी सोपवलं की निम्म्याहून जास्त खेळणी एका हातानं जमतात. ड्रॉवरमध्ये अंथरायची जाळीदार रबरी मॅट मिळते ना, तिचा एक तुकडा टेबलावर टाका. ती नसेल तर ओला करून घट्ट पिळलेला पंचा. त्यावर ठेवलेली वस्तू सहसा सरकत नाही.

लेगो किंवा तसल्या ठोकळ्यांचं उदाहरण घ्या. नुसत्या टेबलावर एका हातानं ठोकळा दाबायला गेलं की खालचा पळतो. म्हणून ठोकळ्यांसोबत सपाट बेसप्लेट घ्याच आणि ती दुहेरी चिकटपट्टीनं लाकडी पाटावर पक्की करा. मग ठोकळा बोटानं जागेवर टेकवायचा आणि तळहाताच्या टाचेनं दाबायचा. अंगठ्यानं दाबत राहिलं तर संध्याकाळी अंगठ्याचं मूळ ठणकतं. काढताना नखं वापरू नका, ठोकळे उचकटायची छोटी पट्टी मिळते, तिनं एका हातात काम होतं. ड्युप्लो म्हणजे लेगोचेच लहान मुलांसाठीचे मोठे ठोकळे. ते लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून लेगोच्या दुप्पट असतं आणि साधे लेगो ठोकळे त्यावर बसतात. आजोबांनी खालचे मजले ड्युप्लोचे रचायचे, नातवानं वर बारीक नक्षीकाम करायचं. खोक्यावरचं वय मात्र आजोबांना दाखवू नका!

मेकॅनिक्स, म्हणजे नट-बोल्टनं पट्ट्या जोडायचा संच, टाळा, किंवा पाना धरायला नातू कायम शेजारी हवा. नट एका हातात आणि स्क्रू दुसऱ्या हातात, हा त्या खेळाचा पायाच आहे.

कोड्यांमध्ये माझी पसंती अशांना, ज्यांचा नियमच 'एका वेळी एक हलवा' असा आहे. तिथे एकहाती माणूस आणि दोन हातांचा माणूस बरोबरीत येतात. ब्रेनविटा घ्या : ३३ खळगे, ३२ गोट्या, उड्या मारत शेवटी एकच उरवायची. गोट्या घरंगळतात म्हणून बोर्ड परातीत ठेवा. दुसरं टॉवर ऑफ हनोई : तीन दांड्या, लहान-मोठ्या चकत्या, मोठी कधी लहानीवर ठेवायची नाही. ल्युका नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं १८८३ मध्ये हे कोडं आणलं. सोबत काशीच्या देवळातल्या ६४ सोन्याच्या चकत्यांची कथाही चिकटली, ती नातवंडांना नक्की सांगा. ४ चकत्यांना किमान १५ चाली लागतात, ५ चकत्यांना ३१. वडील हिशेबी असतील तर पुढचे आकडे स्वतःच काढत बसतील. लाकडी आणि जाड चकत्यांचं घ्या.

जिगसॉ आणायचा तर आकार बघा. ५०० तुकड्यांचं चित्र साधारण अर्धा मीटर रुंद होतं. व्हीलचेअरवरून पलीकडच्या कडेला हात पोचत नाही. शंभरेक मोठे, जाड तुकडे पुरे. तो कडेला पट्टी मारलेल्या प्लायवर मांडा, म्हणजे अख्खी फळी फिरवता येते आणि जेवणाच्या वेळी उचलून ठेवता येते. चित्र त्यांच्या ओळखीचं असावं, कार्टूनचं नको.

आता एक गोष्ट जरा नीट वाचा. डावी बाजू गेलेल्या काही जणांचं डावीकडे लक्षच जात नाही. डोळे ठीक असतात, पण ताटातला डावीकडचा पदार्थ तसाच राहतो. वडिलांचं तसं होत असेल तर डावीकडे पडलेले तुकडे त्यांना 'हरवलेले' वाटतील. फळीच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावा आणि 'आधी लाल पट्टी शोधा' म्हणा. तुकडे मात्र उजवीकडून हळूहळू मध्याकडे सरकवा. त्यांचे ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणारे) असतील तर किती सरकवायचे ते विचारून घ्या. डावा हात मांडीवर लोंबकळत न ठेवता टेबलावर टेकवून ठेवा, खांद्याला आधार मिळतो.

चुंबकी टाइल्स, म्हणजे कडांना चुंबक असलेले एकमेकांना चिकटणारे सपाट तुकडे, एका हाताला छान, पण वडिलांना पेसमेकर असेल तर त्या छातीपासून दूर हव्यात. तुटलेल्या टाइलमधलं चुंबक लहान मुलानं गिळलं तर प्रकरण गंभीर होतं.

आणि दिवाळीच आहे तर किल्ला सोडू नका. अंगणातला किल्ला उकिडवं बसून होतो, ते त्यांना जमणार नाही. म्हणून मोठी फळी व्हीलचेअर खाली शिरेल अशा टेबलावर ठेवून तिच्यावर करा. विटांचे तुकडे आणि गोणपाट मुलं रचतील, चिखल लिंपणं आणि तटाच्या पायऱ्या आजोबांकडे. डाव्या हाताला संवेदना कमी असेल तर तो हात धारदार दगडांपासून लांब ठेवा, कापलेलं कळत नाही. अळीव पेरायला मात्र त्यांचा उजवा हात पुरेसा आहे. मावळे कुठे उभे करायचे यावरून भांडण होणारच, त्यात त्यांना पंच करू नका, एका बाजूनं भांडू द्या.