मैद्याची पोळी, केचप आणि चीज घालून घरी पारंपरिक मेक्सिकन एन्चिलाडा होतात का? ओव्हन लागतोच का?

होत नाहीत. एन्चिलाडा म्हणजे मिरचीच्या सॉसमध्ये बुडवलेली, आत सारण भरलेली मक्याची पोळी. ओव्हनही लागत नाही. चवीला जे होईल ते छान लागेल, खुशाल खा. पण तुम्ही प्रश्नात ‘पारंपरिक’ म्हटलंय आणि नेमक्या याच शब्दावरून आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद चाललाय, म्हणून लिहायला बसले.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं मेक्सिकोत, केरेतारोला होतो. एकदा टेक्सासमधल्या डॅलसहून धाकटे दीर आले. येताना मैद्याच्या तोर्तियांची (तिकडच्या पातळ पोळ्यांची) पाकिटं आणि पिवळं किसलेलं चीज घेऊन. म्हणजे पंढरपूरला जाताना बुक्का घरून न्यायचा, तसलं. ‘वहिनी, आज तुम्ही बसा’ म्हणून त्यांनी जिरेपूड घातलेला टोमॅटोचा सॉस केला, सुरळ्या ट्रेमध्ये लावल्या, वर चीजचा थर, आणि ट्रे ओव्हनमध्ये. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना बोलावलं होतं. त्यांनी एक सुरळी संपवली, ‘रीको, रीको’ (छान, छान) म्हणाल्या, आणि जाताना दाराशी मला हळूच सांगितलं, उद्या सकाळी दिराला घेऊन खाली ये.

सकाळी त्यांच्या ओट्यावर ग्वाहियो आणि आंचो या सुक्या मिरच्या पुसून, बिया काढून ठेवलेल्या. तवा मंद. मिरची टाकली की उलथन्याने दाबायची, सालीचा रंग जरासा पालटला की लगेच उलटायची. काळी पडली तर सॉस कडू, मग साखर घालून काही उपयोग नाही. भाजलेल्या मिरच्या गरम पाण्यात भिजवायच्या, लसूण, कांद्याची फोड, मीठ, चिमूटभर ओरेगानो घालून अगदी बारीक वाटायच्या आणि गाळायच्या. गाळणीत राहिलेल्या साली दाखवून बाई दिरांना काहीतरी बोलल्या. ते मी मुद्दामच भाषांतर करून सांगितलं नाही.

मग खरी गंमत. मक्याची तोर्तिया आधी त्या लाल सॉसमध्ये बुडवायची आणि तशीच ओली गरम चरबीत सोडायची. चर्रर्र आवाज, केशरी शिंतोडे पार भिंतीपर्यंत. दोन्ही बाजूंनी क्षणभर परतायची, आत कुस्करलेलं ताजं चीज आणि कच्चा कांदा, अर्धी दुमडायची, झाली. वर त्याच चरबीत परतलेले उकडलेल्या बटाट्या-गाजराचे तुकडे, लेट्यूस, थोडी क्रीम. केरेतारोची पद्धत ही. शेजारच्या ग्वानाह्वातोत साधारण अशाच असतात, त्यांना ‘मिनेरास’ म्हणतात, खाणकामगारांच्या. सान लुईस पोतोसीला तर मिरची थेट तोर्तियाच्या कणकेतच मळतात.

दीर चार खाऊन उठले आणि म्हणाले, ‘हं, हे लोकल व्हर्जन आहे.’ लोकल! १८३१ साली मेक्सिको सिटीत छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकात एन्चिलाडा आहेत. तेव्हा कुठल्या घरात तापमानाची कळ असलेला ओव्हन होता ते त्यांनी मला सांगावं.

आता भारतात काय करायचं. ग्वाहियोऐवजी ब्याडगी घ्या, तीही रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य. गर कमी असतो, म्हणून वाटताना एक उकडलेला टोमॅटो घाला. केचप नको, ते गोड असतं. ताज्या चीजऐवजी घरचं पनीर कुस्करून, जरा जास्त मीठ लावून. चरबी नको असेल तर तेल.

अडतं ते तोर्तियावर. दुकानातल्या साध्या मक्याच्या पिठाची करू नका, सॉसमध्ये बुडवली की तुकडे होतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवलेला लागतो, त्यानेच पीठ धरून राहतं. ‘मासा आरिना’ नावाचं तयार पीठ ऑनलाइन मिळतं. नाहीतर किलोभर सुक्या मक्याला १० ग्रॅम खायचा चुना (पानाचा ओला असेल तर थोडा जास्त), पाऊण तास उकळा, रात्रभर त्याच पाण्यात ठेवा, सकाळी चोळून धुवा आणि वेट ग्राइंडरमध्ये घट्ट वाटा. मिक्सरमध्ये पाणी जास्त घालावं लागतं, मग लाटता येत नाही. तोर्तिया एक दिवस शिळ्या असतील तर उत्तमच, तेल कमी पितात.

बेक करतच नाहीत असंही नाही. मेक्सिको सिटीतल्या ‘सुईसास’ एन्चिलाडा बेक करतात, त्या हिरव्या सॉसच्या, वर क्रीम आणि वितळलेलं चीज. आणि टेक्सासच्या पिवळ्या चीजवाल्यांनाही स्वतःची जुनी परंपरा आहे, ती टेक्स-मेक्स. तिला माझा आक्षेप नाही. पण त्यासुद्धा मक्याच्याच तोर्तियांच्या असतात, मैद्याच्या नव्हे. हे उत्तर मी कुटुंबाच्या ग्रुपवरही टाकते आहे.