युद्धावर प्रश्न विचारणारी मुलगी आणि पत्रकारितेची वाट

खानापूर तालुक्यातील एका निवृत्त सुभेदारांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बेळगावच्या एका महाविद्यालयात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. महाविद्यालयाच्या वार्षिकांकात तिने एक लेख लिहिला. १९९९ आणि २०१९ च्या निवडणुकांत युद्धाचा आणि लष्करी कारवाईचा प्रचारासाठी कसा वापर झाला, त्या काळात नेतृत्वाला कोणते प्रश्न विचारले गेले नाहीत, आणि मे २०२५ मध्ये, पाकिस्तानशी लष्करी संघर्ष चालू असताना, दूरचित्रवाहिन्यांनी कसले वार्तांकन केले, यांवर त्यात टीका आहे. लेखाचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला आणि फौजीच्या घरात देशद्रोही निपजली, इथपर्यंत बोलणी झाली. मुलीला पत्रकारिता शिकायची आहे; घरच्यांना बी. एड. किंवा बँकेची परीक्षा बरी वाटते. ‘गोळीबार चालू असताना प्रश्न विचारायचे नसतात, एवढे आम्हाला पलटणीत शिकवले. हिला ते कोण शिकवणार? आणि या धंद्यात पोट भरते का?’ असे ते विचारतात. लिखाणावरून मुलीवर खटला होईल, ही भीतीही त्यांना आहे. लेखाची प्रत त्यांनी सोबत जोडली आहे.

सुभेदारसाहेब,

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीचा लेख मी दोनदा वाचला. अभ्यासक्रम, फी आणि नोकऱ्या यांची माहिती पुढे देतोच. पण ही मुलगी या व्यवसायात टिकेल की नाही, याचे उत्तर त्या लेखातच असल्यामुळे आधी त्याविषयी लिहितो.

१९९९ साली आपण सीमेवर होतात, त्यामुळे त्या युद्धाबद्दल मी आपल्याला काही सांगणे शोभणार नाही. मात्र त्याच वर्षी दिल्लीत काय स्थिती होती, ते आठवून पाहावे. १७ एप्रिलला वाजपेयी सरकार लोकसभेत एका मताने पडले होते, म्हणजे कारगिलचे युद्ध एका काळजीवाहू सरकारने लढवले. लोकसभा अस्तित्वात नव्हती, राज्यसभेचे अधिवेशन बोलवावे ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही, आणि ५ सप्टेंबरपासून मतदानाचे टप्पे सुरू झाले. कर्नाटकात तर लोकसभेबरोबर विधानसभेचेही मतदान होते. घुसखोरी वेळेत कशी कळली नाही, हा प्रश्न विचारण्याची संसदीय जागाच बंद असल्यामुळे तो वर्तमानपत्रांतून आणि प्रचारसभांतून विचारला गेला, आणि विचारणाऱ्यांना ‘जवानांचे मनोधैर्य खचवता’ असे ऐकावे लागले. परंतु २६ जुलैला युद्ध संपल्यावर तीनच दिवसांनी, २९ जुलैला, सरकारने स्वतः के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून तोच प्रश्न अधिकृत केला. समितीचा अहवाल सुरक्षेच्या कारणास्तव काही भाग वगळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला. त्यावरून नेमलेल्या मंत्रिगटाने २००१ मध्ये तिन्ही दलांसाठी एक प्रमुख असावा अशी शिफारस केली आणि त्या पदावर पहिले अधिकारी रुजू व्हायला २०२० साल उजाडले. वेळीच विचारलेल्या प्रश्नाचा लाभ पुढच्या वेळी डोंगर चढणाऱ्या शिपायालाच होतो, हे आपल्याइतके कोणाला कळणार?

गोळीबार चालू असताना गप्प राहावे, हा आपला नियम एका अर्थाने बरोबर आहे आणि आपली मुलगीही त्या अर्थाने तोच नियम सांगते, हे बहुधा रागाच्या भरात आपल्या नजरेतून सुटले असावे. चालू असलेल्या दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करू नये, हे केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत आहे आणि २६ एप्रिल २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने सर्व माध्यमांना त्याची आठवण करून देत सैन्याच्या हालचालींचेही थेट प्रक्षेपण टाळायला सांगितले होते. तिची टीका याच मुद्द्यापासून सुरू होते. ८ मेच्या रात्री अनेक वाहिन्यांनी कराची बंदरावर हल्ला झाल्याच्या बातम्या दिल्या आणि त्या खऱ्या नव्हत्या. रात्री जागून या बातम्या पाहणाऱ्यांत आपल्या तालुक्यातील कितीतरी घरे होती, कारण त्यांचे मुलगे तिकडे होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र ज्या शहरात आहे, त्या शहरातल्या मुलीला या खोटेपणाची चीड यावी, यात मला तरी वावगे काही दिसत नाही.

आता लेखाच्या गुणदोषांकडे वळतो. त्यातला उत्तम भाग म्हणजे तिसरे पान. तिने सलग तीन संध्याकाळी दोन वाहिन्या पाहून वहीत मिनिटे टिपली आहेत: लष्कराच्या अधिकृत माहितीला किती वेळ मिळाला, स्टुडिओतल्या आरडाओरड्याला किती, आणि नेतृत्वाला विचारलेला एखादा प्रश्न आला का. हे बातमीदाराचे काम आहे. ते तिला कोणी शिकवलेले नाही आणि तरीही तिने केले. पाचव्या पानावर मात्र ती घसरते. ‘मतांसाठी युद्ध पेटवले गेले’ आणि ‘सगळा मीडिया विकला गेला आहे’ ही दोन वाक्ये तिने बेधडक लिहिली आहेत आणि त्यांच्यामागे कागद नाही, साक्षीदार नाही, आकडा नाही. व्हॉट्सॲपवर तिला देशद्रोही म्हणणाऱ्याजवळ जेवढा पुरावा होता, तेवढाच या दोन वाक्यांमागे आहे. हे तिला माझ्या नावाने जरूर वाचून दाखवा.

याउलट २०१९ बद्दल तिच्या हाताशी भक्कम माहिती होती आणि ती तिने अर्धवट सोडली. १४ फेब्रुवारीला पुलवामा आणि २६ फेब्रुवारीला बालाकोट झाल्यानंतर ९ मार्चला निवडणूक आयोगाने राजकीय पक्षांना प्रचारात जवानांची छायाचित्रे न वापरण्याची सूचना दिली. ९ एप्रिलला लातूर जिल्ह्यातील औसा येथे पंतप्रधानांनी पहिल्यांदा मतदान करणाऱ्यांना, आपले मत बालाकोटचा हवाई हल्ला करणाऱ्या वीरांना समर्पित कराल का, अशा आशयाचे आवाहन केले. आयोगाने त्यात आचारसंहितेचा भंग नसल्याचा निर्णय दिला. निवडणूक आयुक्त अशोक लवासा यांचे मत मात्र वेगळे होते. आपल्या पत्राशी थेट संबंध असलेली गोष्ट पुढची आहे. त्याच एप्रिलमध्ये दीडशेहून अधिक निवृत्त सैनिकी अधिकाऱ्यांच्या नावांनी एक पत्र राष्ट्रपतींना उद्देशून प्रसिद्ध झाले, ज्यात सैन्याचा राजकारणासाठी वापर होत असल्याची तक्रार होती. म्हणजे हा आक्षेप पुस्तकी पोरांचा नव्हे, वर्दीतल्या माणसांचाही होता. पण लगेचच माजी लष्करप्रमुख जनरल रॉड्रिग्ज आणि माजी हवाईदलप्रमुख सुरी यांनी आपण अशा पत्राला संमती दिली नसल्याचे सांगितले. अशा वेळी बातमीदाराने काय करावे? यादी छापून मोकळे व्हावे, की पत्रच खोटे म्हणून टाकून द्यावे? दोन्ही नाही. फोन उचलावा आणि एकेका नावाला विचारत बसावे. ज्यांनी सही केल्याचे सांगितले त्यांची संख्या वेगळी द्यावी, ज्यांनी नाकारले त्यांची वेगळी. कंटाळवाणे काम आहे, आणि आपल्या मुलीने पुढे पत्रकारिता केलीच, तर तिच्या आयुष्याची बरीच वर्षे अशाच कामात जातील.

टीकेला धार कशाने येते आणि ती बोथट कशाने होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण अमेरिकेतले आहे. २००४ साली तिथे इराक युद्ध चालू असताना अध्यक्षपदाची निवडणूक होती. त्या वर्षी २६ मे रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादकांनी जाहीरपणे मान्य केले, की इराककडील महासंहारक शस्त्रांबद्दलच्या आपल्या युद्धपूर्व बातम्यांत हवी तेवढी काटेकोर छाननी झाली नव्हती. चार महिन्यांनी उलट बाजूची चूक झाली. सीबीएस वाहिनीने अध्यक्ष बुश यांच्या तरुणपणीच्या सैनिकी सेवेवर टीका करणारा वृत्तांत काही कागदपत्रांच्या आधारे दाखवला, ते कागद अस्सल असल्याचे तिला सिद्ध करता आले नाही आणि २० सप्टेंबरला माफी मागावी लागली. पहिल्या ठिकाणी सरकारवर भाबडा विश्वास होता, दुसऱ्या ठिकाणी नेत्याविरुद्धची घाई. पण पडताळणी दोन्हीकडे राहून गेली. सीबीएसच्या चुकीनंतर तर अध्यक्षांच्या सेवेबद्दलचा मूळ प्रश्नच बाजूला पडला आणि निवडणुकीच्या तोंडावर चर्चा कागदांच्या अक्षरवळणावर होत राहिली.

एवढ्या दूर जायचीही गरज नाही. मे २०२५ च्या लष्करी कारवाईची माहिती पत्रकारांना देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांचे सासर आपल्याच जिल्ह्यात, गोकाक तालुक्यातील कोण्णूरला आहे. मे २०२५ मध्ये त्या घरावर हल्ला झाल्याची अफवा समाजमाध्यमांतून देशभर पसरली आणि बेळगाव पोलिसांनी ती खोटी असल्याचे जाहीर केले. दिल्लीत बसलेल्या माणसाला कोण्णूर नकाशावर शोधावे लागले असेल. बेळगावच्या बातमीदाराला ते एका फोनचे काम. कानडीत ठाण्याशी बोलायचे, मराठीत गावातल्या ओळखीच्याला विचारायचे आणि बातमी इंग्रजीत पाठवायची, हे तिन्ही आपली मुलगी आजच करू शकते. सीमाभागात वाढल्याचा आपल्या मुलांना जो त्रास झाला तो झाला, पण हा लाभ पुण्या-मुंबईच्या मुलांना मिळत नाही. तिची कानडी बोलण्यापुरतीच असेल, तर सरकारी आदेश आणि पंचनामा न अडखळता वाचता येईल इतकी ती तिने या वर्षभरात पक्की करावी. भाषेचा अभिमान घरात राहू द्यावा. तहसील कचेरीतला कागद वाचता न येणाऱ्या बातमीदाराला दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबावे लागते.

कायद्याची आपली भीती मी निराधार म्हणणार नाही. १९१६ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, लोकमान्यांनी होमरूल लीग स्थापन केली ती बेळगावात. त्यानंतर १ मेला इथे आणि पुढे अहमदनगरला केलेल्या भाषणांवरून सरकारने त्यांना वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन देण्याचा आदेश काढला होता. उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिनांनी त्यांची बाजू मांडली आणि नोव्हेंबरमध्ये तो आदेश रद्द झाला. अलीकडचे उदाहरण पत्रकार विनोद दुआ यांचे आहे. पंतप्रधान मतांसाठी मृत्यूंचा आणि दहशतवादी हल्ल्यांचा वापर करतात असे दुआ म्हणाले, अशी तक्रार होऊन त्यांच्यावर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. ३ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि १९६२ च्या केदारनाथ सिंह निकालाचे संरक्षण पत्रकारांना मिळते, हे स्पष्ट केले. सरकारच्या धोरणावर, युद्धकाळातल्या निर्णयांवरही, हिंसेला चिथावणी न देता केलेली टीका गुन्हा ठरत नाही. पण निकाल लागेपर्यंतची धावपळ, वकिलाची फी आणि झोप उडणे ही शिक्षा निकालाआधीच भोगावी लागते, हे मी आपल्यापासून लपवत नाही. तिला माध्यमांच्या कायद्याची पक्की ओळख हवी, ती याचसाठी.

पोटापाण्याचे बोलू. तालुक्याच्या वार्ताहराला मिळणाऱ्या मानधनावर घर चालत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी बातमीबरोबर जाहिराती आणण्याचीही अपेक्षा असते. निवडणुकीत ‘पॅकेज’ नावाचा प्रकार येतो, ज्यात उमेदवाराने पैसे मोजलेली स्तुती बातमीच्या वेषात छापली जाते. २००९ नंतर त्यावर बराच गवगवा झाला आणि आता जिल्हास्तरावर माध्यम देखरेख समित्या असतात, तरी तो पुरता थांबलेला नाही. त्यामुळे माझा सल्ला असा, की तिने बारीकसारीक कामापासून सुरुवात जरूर करावी, पण पदव्युत्तर शिक्षण घेऊन आणि एखादा विषय हाताशी ठेवून. संरक्षण, निवडणूक कायदा किंवा आकडेवारीची पत्रकारिता यांतला एक विषय पक्का असलेल्या मुलांना मोठ्या दैनिकांत आणि तथ्यपडताळणीच्या विभागांत जागा मिळते. उमेदवारांची शपथपत्रे, संसदेतली उत्तरे, महालेखापरीक्षकांचे अहवाल हे सारे मोफत उपलब्ध आहे. ते वाचायची सवय आतापासून लावावी. माहिती अधिकारातून सैन्यही पूर्णपणे वगळलेले नाही, सुरक्षेला बाधा येईल अशी माहिती मात्र नाकारता येते.

शिकायला जवळचे म्हणजे धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. दोन्हीकडे पत्रकारितेचे विभाग आहेत. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूट आहे. भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे. महाराष्ट्रात सीमाभागातील ८६५ गावांच्या विद्यार्थ्यांसाठी काही सवलती असतात. आपले गाव त्या यादीत आहे का आणि कोणता दाखला लागतो, हे प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी त्या त्या विद्यापीठात विचारून घ्यावे. माझी पसंती धारवाडला, कारण तिथे तिची कानडी सुधारेल आणि घरही जवळ राहील. बँकेची परीक्षाही तिने द्यावी, त्याला माझी हरकत नाही. बी. एड.चा आग्रह मात्र धरू नये. मिनिटे मोजणारी ती वही पाहिल्यावर या मुलीचा कल कुठे आहे, हे मला पुरेसे कळले.

अर्ज भरण्याआधी तिला एक काम सांगा. पाचवे पान तिने नव्याने लिहावे आणि प्रत्येक वाक्यासमोर समासात नोंद करावी: हे मी पाहिले, हे कागदात आहे, हे नुसते ऐकले. ज्या वाक्यासमोर तिसरी नोंद येईल ते तपासावे, नाहीतर काढावे. त्यासोबत तिने आपली मुलाखत घ्यावी, अशी माझी विनंती आहे. १९९९ च्या उन्हाळ्यात आपल्या तुकडीपर्यंत वर्तमानपत्र किती दिवसांनी पोहोचायचे, त्यात आपल्याबद्दल काय लिहिलेले असायचे, आणि निवडणुकीच्या प्रचाराबद्दल जवान आपापसांत काय बोलायचे, हे कोणत्याही अहवालात नाही. काही प्रश्नांवर आपण ‘हे सांगता येणार नाही’ म्हणाल. तेही तिने वहीत तसेच उतरवून घ्यावे, आणि दोन्ही कागद मला पाठवावेत.